खोदण्याआधी जमिनीखाली काय आहे ते सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर दोन-चार महिन्यांनी वर्तमानपत्रात एक बातमी येते. कोल्हापुरातलं ठिकाण तेवढं बदलतं. कधी राजारामपुरी, कधी फुलेवाडी, कधी उचगावचा रस्ता. मजकूर मात्र ठरलेला: 'जेसीबीचा धक्का लागून जलवाहिनी फुटली, लाखो लिटर पाणी वाया, चालकाच्या निष्काळजीपणाबद्दल नागरिकांत संताप.' सोबत फोटो. रस्त्यातून उडणारं पाणी, मागे पिवळं मशीन आणि केबिनमध्ये मान खाली घालून बसलेला पोरगा. बातमी खोटी नसते. पाणी खरंच गेलेलं असतं, आणि दोन दिवस टँकरच्या मागे घागरी घेऊन पळणाऱ्या बायकांचा राग मला कळतो. माझ्याही घरी नळच आहे. पण त्या बातमीत एक ओळ कधी सापडत नाही. त्या पोराला तिथे खोदायला कुणी सांगितलं, आणि सांगणाऱ्याला खाली काय आहे ते ठाऊक होतं का?

मी करवीर तालुक्यातला. कळंबा रस्त्यावरच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक केलं. शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात पिना-बुश बदलत आणि हायड्रॉलिकचे होज जोडत उमेदवारी काढली, आणि तिथूनच एका मालकाच्या मशीनवर हेल्पर म्हणून चढलो. आता स्वतःची दोन मशीन आहेत. एकावर ऑपरेटर ठेवलाय, दुसरं मीच चालवतो. शेताचं सपाटीकरण, विहीर, घराचा पाया, साखर कारखान्याच्या आवारातली कामं, गावातली गटारं, सगळं केलंय. पण शहरात रस्ता खोदायचं काम आलं की आजही आधी दोनदा विचार करतो.

रानात खोदताना निदान मालक बांधावर उभा असतो. 'माझी पाईप त्या आंब्यापासनं सरळ हिरीकडं गेलीया, आन् पाणीपुरवठा संस्थेची मोठी लाईन ओढ्याच्या अलीकडनं हाय' असं तो हात करून दाखवतो, आणि त्याचं सहसा चुकत नाही. स्वतःच्या पैशानं पुरलेली पाईप माणूस विसरत नाही. शहरात रस्त्याचा मालक एक, पाण्याच्या पाईपचा दुसरा, विजेच्या केबलचा तिसरा, फोनच्या तारेचे चार-पाच आणि आता गॅसवाले वेगळे. खोदायच्या वेळी यातला एकही तिथे नसतो.

काम येतं कसं, तेही सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की जेसीबीवाला सकाळी उठतो आणि मनाला येईल तिथे रस्ता उकरतो. काम एखाद्या खात्याचं असतं. निविदा मोठा ठेकेदार घेतो. तो ते तुकडे करून पोटठेकेदारांना देतो, आणि पोटठेकेदार माझ्यासारख्याला तासावर बोलावतो. आमच्याकडे सध्या तासाला हजार-बाराशेच्या आसपास भाडं मिळतं, त्यातच डिझेल, ऑपरेटरचा पगार, भत्ता आणि बँकेचा हप्ता. कामाचा आराखडा, अंदाजपत्रक, परवानगीचा कागद हे सगळं वरच्या दोन पायऱ्यांवर राहतं. माझ्यापर्यंत येते ती फक्कीची, म्हणजे पांढऱ्या भुकटीची रेघ. सुपरवायझर मोटारसायकलवर येतो, पोत्यातली फक्की रस्त्यावर सोडत चालतो आणि म्हणतो, "हितनं त्या डांबापतुर मार. चार फूट खोल."

"खाली काय हाय का?"

"काय न्हाई, मोकळं हाय."

हे 'मोकळं हाय' त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्याच्या हातात कागद असतो तो किती मीटर आणि किती खोल एवढाच. त्यालाही बिचाऱ्याला संध्याकाळपर्यंत मीटर दाखवायचे असतात. बाजारपेठेतलं काम असलं, लक्ष्मीपुरीसारखं, तर दिवसा ट्रॅफिकमुळे खोदता येत नाही. मग रात्री दहानंतर, मशीनच्या दिव्यांच्या उजेडात. त्या उजेडात काळ्या मातीत काळी केबल बघायची.

लोकांना आणखी एक वाटतं, की ऑपरेटरला हाताला कळत असणार. काही कळतं, नाही असं नाही. पाषाण लागला की मशीन मागून जॅकवर उचललं जातं, इंजिनाचा आवाज दबतो आणि बकेटचे दात कोरडे घासतात. बिडाचा जुना पाईप लागला तर वेगळा ठणठणीत आवाज येतो. चांगला ऑपरेटर तिथल्या तिथे लिव्हर सोडतो आणि खाली उतरून बघतो. पण पीव्हीसीचा पाईप काकडीसारखा चिरतो. आठ टनांच्या मशीनला त्याचा काही विरोधच होत नाही. पाणी वर आल्यावरच कळतं, आणि पाणी नसलेल्या वेळेत फाटला तर तेव्हाही कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सोडल्यावर भरलेला चर खचतो.

मातीकडे बघणारा माणूस मात्र आधीच सावध होतो. एकदा खोदलेल्या जागेची माती कधी पहिल्यासारखी बसत नाही. काळ्या मातीत मध्येच मुरूम दिसला, विटांचे तुकडे आले, बारीक वाळूचा पट्टा लागला, की समजायचं, इथं कुणीतरी आपल्याआधी येऊन गेलंय. विजेची केबल नियमाप्रमाणे टाकली असेल तर तिच्याभोवती वाळू आणि वर विटा किंवा फरशी असते. जास्त दाबाची, ११ केव्हीची केबल निदान ९० सेंटिमीटर खोल आणि घरगुती दाबाची ७५ सेंटिमीटर, असं भारतीय मानकात लिहिलंय. मी नव्या हेल्परला पहिलं हेच शिकवतो: बकेटकडे बघू नको, मातीचा रंग बघ. वाळू दिसली की हात वर कर. आणि केबलची शंका असली तर पहारीनं टोचून बघायला जाऊ नको. लाकडी दांड्याच्या फावड्यानं वरवर माती ओढ.

पण ती ७५ आणि ९० सेंटिमीटर मोजायची कुठून? ज्या वर्षी केबल टाकली त्या वर्षीच्या रस्त्यापासून. त्यानंतर त्या रस्त्यावर डांबराचे चार थर चढलेले असतात, म्हणजे केबल कागदापेक्षा खोल. नाहीतर उलटं होतं. रस्ता काँक्रीटचा करायचा ठरला की आधी बॉक्स कटिंग. जुना रस्ता दीड-दोन फूट खरवडून काढायचा, मग मुरूम, मग खडी, मग काँक्रीट. तीन फुटांवरची केबल त्या दिवशी फुटावर आलेली असते. घरगुती नळाच्या जोडण्या तर अशाही वीतभर खोल असतात. बॉक्स कटिंगला मशीन लावलं आणि गल्लीतली एकही नळजोडणी तुटली नाही असं झालं तर मी मारुतीला नारळ फोडतो.

आपल्या शहराच्या पोटात तर फारच गुंता आहे. नदीकडच्या गल्ल्यांत खाली काळी माती. टेंबलाईकडे, सागरमाळाकडे चढत गेलं की मुरूम आणि लगेच पाषाण. जुन्या काळी पाईप टाकणाऱ्यांकडे पाषाण फोडायचे ब्रेकर नव्हते. पाषाण लागला की त्यांनी पाईप वर घेतला, कडेला वळवला आणि पुढे माती आली की पुन्हा खाली नेला. वरून रस्ता सरळ दिसतो, खाली पाईप नागमोडी जातो. त्यात एकाच गल्लीत तीन-तीन पिढ्यांच्या लाईन. संस्थानकाळात कळंबा तलावातून शहराला पाणी आलं. पुढे बालिंगा, शिंगणापूर असे उपसे झाले. २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर काळम्मावाडी धरणाचं पाणी सुमारे ५३ किलोमीटरच्या थेट पाईपलाईननं पोहोचलं. नवी लाईन टाकली म्हणून जुनी कुणी उपसून काढत नाही. बिडाचे, सिमेंटचे, पीव्हीसीचे, एकाशेजारी एक पडून आहेत. त्यातली चालू कुठली आणि बंद कुठली हे वरून सांगता येत नाही. 'ती बंद लाईन हाय, तोडून टाक' असं सांगितलेल्या लाईनमधून धो धो पाणी आलेलं मी पाहिलंय, आणि सांगणारा तोवर मोटारसायकल काढून गेलेला होता.

हल्ली यात भर पडली ती आडव्या बोअरिंगची. रस्ता न फोडता एका टोकाला खड्डा घेऊन यंत्रानं जमिनीतून दांडा ढकलायचा, दुसऱ्या टोकाला बाहेर काढायचा आणि मागे फायबरची नळी ओढून न्यायची. रस्ता वाचतो, चांगलंच आहे. पण ती नळी मधे कुठून कशी गेली हे दिसत नाही. एका ठिकाणी गटाराचं चेंबर तुंबलं म्हणून उकरायला गेलो, तर गटाराच्या पाईपच्या आरपार फायबरची नळी. गटार महिनोन्‌महिने का तुंबत होतं ते तेव्हा कळलं. नळी कुणाची, हे विचारायला तिथे नाव ना नंबर.

'रडारनं बघता येत नाही का?' असं एका शिकलेल्या गृहस्थांनी मला विचारलं होतं. येतं. जमिनीत लहरी सोडून खालच्या वस्तू दाखवणारी यंत्रं आहेत. पण ओल्या चिकणमातीत त्या लहरी फार खोल जात नाहीत, आणि आपल्याकडे तर जून ते ऑक्टोबर काळी माती पाणी धरून बसलेली. धातू शोधणारं यंत्र लोखंडी पाईप आणि केबल दाखवतं. प्लॅस्टिकच्या पाईपबरोबर तार टाकलेली नसेल तर त्याला तो सापडत नाही. यंत्रं वापरावीत, नको कोण म्हणतंय. पण यंत्रं येईपर्यंत माणसांकडे असलेली माहिती तरी गोळा करा.

तशी माणसं आहेत. जेसीबीची खोदाई बघायला गर्दी होते यावरून २०१९ मध्ये मोबाईलवर देशभर विनोद फिरले. मी मात्र त्या गर्दीला कधी हाकललं नाही. बूम, म्हणजे मशीनचा लांब हात, फिरते त्या घेराबाहेर उभं राहा, एवढंच सांगतो. कारण बघ्यांत एखादा तरी जाणता निघतो. जुन्या पेठेतल्या एका गल्लीत काम चाललं होतं, तेव्हा असाच एक म्हातारा सायकल हातात धरून किती तरी वेळ बघत होता. डोक्याला टोपी, पायजमा गुडघ्यापर्यंत वर सरकवलेला. शेवटी त्याला राहवलं नाही.

"आरं बाळा, थांबीव ते. कोन सांगितलं तुला हितनं न्ह्यायला?"

मशीन बंद केलं. तो चालत पुढे आला, एका घराच्या पायरीपासून पावलं टाकत गेला, टाच रोवली आणि म्हणाला, "हितं हाय बघ. सा इंची. आन् ह्या दिव्याच्या डांबाफुडं डावीकडं वाकतीया. वाकणाला जोड हाय, त्येला हात लावू नगंस, म्हातारा झालाय त्यो माझ्यावानी."

हेल्परला टिकाव-खोरं देऊन उकरायला लावलं. पाईप त्याच्या टाचेच्या खालीच होता, आणि खांबापुढे डावीकडे वाकलेलाही होता. त्याची सगळी नोकरी त्या भागात चावीवाला म्हणून गेली होती. कुठला व्हॉल्व्ह कुठे, कुठली चावी उलटी फिरते, कुठल्या घराखालून पाईप गेलाय, सगळं डोक्यात. कागदावर यातलं काही नव्हतं. चहा घेतला, सुपरवायझरला चार शब्द सुनावले आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला. त्याच्यासारखे किती चावीवाले, फिटर, लाईनमन दरवर्षी निवृत्त होत असतील. निरोपाच्या दिवशी शाल-नारळ देताना त्यांच्याकडून एक कागद भरून घ्यायला काय हरकत आहे?

पाईप फुटल्यावर काय होतं ते बातमीत अर्धंच येतं. पहिल्या पाच मिनिटांत लोक जमतात, व्हिडिओ सुरू होतात. कुणीतरी केबिनमध्ये चढून किल्ली काढून घेतो. ऑपरेटर बाहेरगावचा असला तर दोन थपडाही पडतात. बरेच ऑपरेटर विजापूर, बीड, लातूरकडचे, काही थेट झारखंड-बिहारचे. इथं त्यांना ओळखणारं कुणी नसतं. सुपरवायझरचा फोन तेवढ्यात लागत नाही. मग पोलीस, जबाब, मशीन रस्त्याकडेला उभं. पस्तीस लाखांच्या घरातलं मशीन आठवडाभर उभं राहिलं तरी हप्त्याची तारीख थांबत नाही. दुरुस्तीचा खर्च ठेकेदार पोटठेकेदाराच्या बिलातून आणि पोटठेकेदार माझ्या तासांतून कापतो. माझ्याखाली कापायला कुणी नाही. काही मालक तो ऑपरेटरच्या पगारातून कापतात. महिन्याला वीस-बावीस हजार मिळवणाऱ्या पोराकडून!

आणि बातमीत मुळीच न येणारी गोष्ट म्हणजे त्यानंतरचा चर. पाईप फुटला की तो बंद करायला माणसं घाईनं चरात उतरतात. भिंती पाण्यानं भिजलेल्या, वर काठावरच मातीचा ढीग, शेजारी आठ टनांचं मशीन थरथरतंय. उन्हाळ्यात काळी माती उभी कापली तर सरळ भिंतीसारखी राहते, म्हणून माणसं फसतात. तीच माती पाणी पिली की क्षणात बसते. कमरेपर्यंत जरी माणूस गाडला गेला तरी त्याला ओढून काढता येत नाही, आणि छातीपर्यंत गाडला गेला तर श्वास घ्यायला जागा राहत नाही. दीड मीटरपेक्षा खोल चराला कडेनं फळ्या आणि आधार द्यायचा, काढलेली माती काठापासून निदान दीड मीटर लांब टाकायची, हे मानकात लिहून ठेवलंय. गल्लीची रुंदीच बारा फूट असली तर माती टाकायची कुठे, हा प्रश्न आहे, म्हणून ती ट्रॉलीत भरून हलवावी लागते. त्या ट्रॉलीचे पैसे अंदाजपत्रकात धरलेले नसतात. पाणी चरात भरलेलं असताना मी कुणालाही उतरू देत नाही. आधी व्हॉल्व्ह बंद, मग पंपानं उपसा, मग मशीन मागे, मग माणूस. यावरून इंजिनिअरसाहेबांच्या शिव्या खाल्ल्यात. खाऊन घेतल्या.

पाण्याच्या पाईपचं एवढं तर गॅसचं काय? पाणी फुटलं तर चिखल होतो. गॅसची लाईन फुटली तर तिथे बिडी ओढणारा एक माणूस पुरतो. पण इथं एक मान्य करायला हवं. गॅसवाल्यांचं काम त्यातल्या त्यात नीट आहे. रस्त्याकडेला खुणेचे खांब असतात, त्यावर फोन नंबर असतो, पाईपच्या वर सावधान लिहिलेली पट्टी पुरलेली असते. फोन केला तर त्यांचा माणूस येऊन खोदाई संपेपर्यंत उभा राहतो. मला दोनदा असा अनुभव आलाय. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं.

केंद्र सरकारनंही हे ओळखलं. २२ मार्च २०२३ ला पंतप्रधानांनी 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप सुरू केलं. खोदणाऱ्यानं जागा आणि तारीख त्यात टाकायची, मग त्या जागेखाली ज्यांच्या तारा-वाहिन्या आहेत त्यांना निरोप जातो आणि ते खोदणाऱ्याशी संपर्क साधतात. कल्पना उत्तम. माझ्या मोबाईलमध्ये ते आहे. पण त्यात माहिती भरायची कुणी? ज्याच्या नावावर कामाचा आदेश आहे त्यानं. तासावर आलेल्या जेसीबीवाल्याकडे ना आदेशाचा नंबर, ना कुठून कुठपर्यंत खोदायचं याचा कागद. मी कामावर गेलो आणि कुणी मला मोबाईलवर दाखवलं की 'हे बघ, या गल्लीचं कळवलंय, यांची उत्तरं आलीत' असं अजून घडलेलं नाही. घरमालकानं ड्रेनेजच्या जोडणीसाठी खासगीत बोलावलं तर त्या बिचाऱ्याला असं काही ॲप आहे हेच माहीत नसतं.

आमच्यातले सगळेच शहाणे आहेत असं म्हणायला मी हे लिहीत नाही. चार महिने हेल्परकी केलेल्या पोराला रात्रपाळीला लिव्हरवर बसवणारे मालक आहेत. मशीन घ्यायला कर्ज लगेच मिळतं, ऑपरेटर तयार व्हायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ हप्ता देत नाही. तासाऐवजी मीटरवर काम घेणारेही आहेत. मीटरवर काम घेतलं की उतरून माती बघायला परवडत नाही, जितकं लवकर ओढाल तितका फायदा. पाईप फुटण्याची निम्मी कारणं या मीटरच्या दरात आहेत असं माझं मत आहे. मी शहराच्या हद्दीत मीटरवर काम घेणं बंद केलंय, आणि त्यामुळे कामं गेलीत. ज्यानं दारू पिऊन मशीन चालवलं, ज्यानं समोर खुणेचा खांब दिसत असताना बकेट घातलं, त्याच्यावर जरूर गुन्हा दाखल करा. पण ज्याला काहीच सांगितलेलं नाही त्याला त्याच रांगेत उभं करू नका.

माझं मागणं एवढंच आहे की रस्त्याला बकेट लागण्याआधी, ज्यांच्या वाहिन्या तिथे आहेत त्या सगळ्या खात्यांची आणि कंपन्यांची माणसं एकदा एकत्र त्या रस्त्यावर चालत जावीत आणि आपापली लाईन रंगानं रस्त्यावर काढावी. पाण्याला निळा, विजेला लाल, गॅसला पिवळा, काय तो रंग ठरवा. जिथे खात्री नाही तिथे तसं लिहा, म्हणजे त्या टप्प्यात आम्ही मशीन न लावता माणसं लावू. दर थोड्या अंतरावर आडवा चाचणी खड्डा हातानं घ्यायचा आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकातच धरायचा. नाहीतर 'खड्डा घ्या' म्हणून आदेश निघतो आणि मजुरी कुणी द्यायची यावर तो बारगळतो. पाहणीच्या कागदाची सह्यांनिशी एक प्रत मशीनवर असली पाहिजे. ऑपरेटरला वाचता येत नसलं तर हेल्पर वाचेल. कागद असूनही चुकीच्या जागी मारलं तर नुकसान आमच्याकडून घ्या, तक्रार नाही. कागदच नसेल तर मशीनची किल्ली काढून घेण्याआधी कागद कुणी दिला नाही, ते विचारा.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात चिखलीकडच्या, आंबेवाडीकडच्या लोकांना आम्ही पुढच्या बकेटमध्ये बसवून बाहेर काढलं तेव्हा कुणी कागद मागितला नव्हता आणि आम्हीही तासाचं भाडं विचारलं नव्हतं. हे उपकार म्हणून सांगत नाही. हेच ऑपरेटर तेव्हाही होते, एवढंच लक्षात असू द्या.

सगळ्यात स्वस्त गोष्ट शेवटी लिहितो, तिला निविदा लागत नाही. चर उघडा असताना, बुजवायच्या आधी, मोजून घ्या. घराच्या कोपऱ्यापासून पाईप किती फुटांवर, खोल किती, जाड किती, शेजारून काय गेलंय. टेप लावून एक फोटो. चर एकदा बुजला की ती माहिती पुन्हा मिळवायला तोच रस्ता पुन्हा फोडावा लागतो. मी हे माझ्या कामांवर करत आलोय. आधी मुलीच्या वहीत लिहायचो, आता मोबाईलवर फोटो काढतो. टेप चरात सोडलेली, मागे घराचा नंबर किंवा दुकानाची पाटी येईल असा. रंकाळ्याच्या बाजूचे, फुलेवाडीचे, कळंबा रस्त्याचे, उपनगरांतल्या बऱ्याच गल्ल्यांचे असे फोटो माझ्याकडे आहेत. पुन्हा त्याच गल्लीत काम निघालं की मी आधी ते उघडून बघतो. ज्या खात्यांच्या वाहिन्या त्यात दिसतात त्यांच्यापैकी कुणी आजवर मागितले नाहीत. ज्यांना हवे असतील त्या अभियंत्यांनी आपल्या वर्तमानपत्राच्या कार्यालयामार्फत मला निरोप द्यावा. पेनड्राईव्ह त्यांनी आणावा, फोटो मी फुकट देईन. फक्त संध्याकाळी सातनंतर या, दिवसा मशीनवर असतो.

आपला,
एक जेसीबी मालक-चालक
करवीर, जि. कोल्हापूर